तिसऱ्यातून दुसऱ्यात

"गिअरची दांडी मुठीत आवळायची नाही, लायल. तळहात उघडा ठेव, नुसता टेकव आणि ढकल. तिची जागा तिला ठाऊक असते. घाईने ओढलीस तर ती तुला भलतीकडे नेईल."

हे सांगणाऱ्या आर्नीमामाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण लायल हूक्स्ट्राच्या कानात तो आवाज अजून होता. सोळाव्या वर्षी मामाच्या खडखडत्या ट्रकमध्ये, मक्याच्या शेताच्या कडेकडेने तो गाडी चालवायला शिकला. पुढे त्याने तेच शब्द जसेच्या तसे आपल्या दोन्ही मुलींना सांगितले, कारखान्यातल्या दोन-चार पोरांना सांगितले आणि गेल्या मे महिन्यात डोरीन पावलक यांना सांगितले.

डोरीनबाईंनी एकतीस वर्षं गावोगाव टपाल वाटलं होतं. टपालाच्या गाडीचं स्टिअरिंगचं चाक तिथल्या इतर गाड्यांसारखं डावीकडे नसतं, उजवीकडे असतं, म्हणजे रस्त्याकडेच्या पेटीपाशी हात पोचतो, आणि गिअर आपोआप पडणारे. त्यामुळे हाताने गिअर टाकायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. त्यांच्या वाटेवरच्या झाडून सगळ्या कुत्र्यांना त्यांचं नाव माहीत होतं म्हणायला हरकत नाही. लायल तरुण होता तेव्हापासून त्याच्या घरचं टपाल त्याच आणत. नवरा, स्टॅन, सहा वर्षांपूर्वी गेला. निवृत्त झाल्या त्या वसंतात त्या गाड्यांच्या दुकानात गेल्या आणि टॅनेजर घेऊन बाहेर आल्या. शेंदरी रंगाची, दोन दारांची, बुटकी कुपे. किमतीने बेताची, पण अंगात खुमखुमी असलेली आणि तीही हाताने गिअर टाकायची. वय त्रेसष्ट. रोज सकाळी चर्चमध्ये मासच्या प्रार्थनेला जाणारी, शुक्रवारी चुकूनही मटणाला हात न लावणारी बाई त्या गाडीतून चर्चच्या आवारात उतरली तेव्हा फादरांच्या हातातली किल्ली खाली पडली, असं गावात सांगतात.

"मला शिकवशील का?" त्यांनी लायलला विचारलं होतं. "पण माझ्यावर हसायचं नाही."

लायल हसला नाही. तीन रविवार दुपारी शाळेच्या रिकाम्या आवारात त्याने त्यांना शिकवलं. तिसऱ्या रविवारी त्यांनी पहिल्यापासून पाचव्यापर्यंत एकही धक्का न देता गाडी नेली आणि चाकावर कपाळ टेकून म्हणाल्या, "स्टॅनने बघायला हवं होतं."

शबॉयगन गावाच्या दक्षिणेला हार्डवेअरच्या दुकानामागे मोठं आवार आहे. एप्रिलात, बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ धुऊन निघालं की ऑक्टोबरपर्यंत दर शनिवारी सकाळी साडेसातला तिथे गाडीवेडी मंडळी जमतात. घडीच्या खुर्च्या, थर्मास, कडक पावांच्या पिशव्या. आणि एक नियम. दुसऱ्याच्या गाडीबद्दल काही बोलायचं असेल तर आधी आपल्या गाडीचं बॉनेट उघडायचं आणि तिच्याजवळ उभं राहून बोलायचं. म्हणजे ऐकणाऱ्याला तुझ्या इंजिनात डोकावता यायला हवं. हा नियम कुणी केला ते कुणालाच आठवत नाही, पण तो मोडलेला कुणी पाहिलेला नाही.

या वर्षीचा उन्हाळा सगळा एकाच वादात गेला. लँगडन सेडान नव्या रूपात आली होती. लायल गेली बावीस वर्षं लँगडनच चालवत होता, ही त्याची दुसरी. नव्या लँगडनमध्ये हाताचे गिअर काढून टाकले होते, छत मागे उतरतं केलं होतं आणि समोर टीव्हीएवढा पडदा बसवला होता.

"लायल, तुझ्या नव्या लँगडनचं तोंड पाहिलंस?" गॉर्डी शेफर म्हणाला. गॉर्डी नळजोडणी करायचा आणि आवाज कमी करायचा नळ त्याला देवाने बसवलाच नव्हता. "तळ्यातला कार्प मासा वर येऊन आ करतो ना, अगदी तस्सं. मला तर वाटलं, आता पाव मागतोय की काय!"

"तोंडाचं काय घेऊन बसलास," लायल म्हणाला. "आत बसून बघ. आवाज नाही, हादरा नाही."

"आवाज नाही? मग गाडी कशाला घेतोस, सोफा घे की!"

"मागे माझी आजी बसते," पाओ व्हँग शांतपणे म्हणाला. तो तिघांत धाकटा, यंत्रांचा अभियंता, बोलायचा कमी आणि मोजून. "लँगडनमध्ये तिचं डोकं छताला लागत नाही. टॅनेजर घेतली तर आजीला डिकीत घालू का?"

सगळे हसले. लायलला जोर आला. "तेच म्हणतोय मी! कुपे म्हणजे दोन माणसांची चैन. सेडान म्हणजे घर आहे, घर."

डोरीनबाई आपल्या शेंदरी बॉनेटजवळ उभ्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या घरी एकच माणूस आहे, लायल."

गॉर्डीने टाळ्या पिटल्या. लायलचे कान लाल झाले. सगळ्यांचं हसू ओसरल्यावर डोरीनबाईंनी किल्ली पुढे केली. "तू मला शिकवलंस, पण ही स्वतः रस्त्यावर कधी पळवलीच नाहीस. चालवून तरी बघ, मग नावं ठेव."

"एकट्याला जाऊ द्या त्याला," गॉर्डी म्हणाला. "नाहीतर आवडली तरी चेहरा पाडून बसेल."

तर असा तो जुलैतला शनिवार. लायल एकटाच गेला.

आणि गाडी त्याला आवडली. आवडली म्हणजे काय, पहिल्या वळणालाच त्याचं वय गळून पडलं. गावाबाहेरचा रस्ता, दोन्हीकडे मका, खिडकी उघडी. मन म्हणेल तिकडे ती वळत होती. तो स्वतःशीच हसत होता. सेडानबद्दल इतकी वर्षं बोललेलं सगळं त्याला त्या दहा मिनिटांत कागदी वाटायला लागलं आणि परत जाऊन गॉर्डीसमोर काय म्हणायचं या विचाराने जीव कासावीस झाला. हायवेवर चढताना मागून एक लांबलचक ट्रक येत होता. लायलने तिसऱ्यात गाडी ताणली, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा लाल पट्ट्यापाशी आला, आणि चौथा टाकताना त्याने दांडी मुठीत धरून ओढली.

दुसऱ्यात पडला.

क्लच सोडला तशी गाडी किंचाळली. दुसरा शब्द नाही त्या आवाजाला. काटा लाल पट्टा ओलांडून पार टोकाला जाऊन आपटला. लायलने क्लच दाबला, गाडी बाजूला घेतली. सगळं मिळून एका श्वासाएवढं. तो रस्त्याच्या कडेला इंजिन चालू ठेवून ऐकत बसला. टक-टक नाही, धूर नाही, धोक्याचा दिवा नाही. इंजिन गोड चाललं होतं.

वेगात असताना खालचा गिअर पडला की इंजिन सोसवेल त्याच्या पलीकडे फिरतं; या मंडळींत त्या चुकीचं नावही कुणी मोठ्याने घेत नाही. नवख्याकडून झाली तर कीव करतात. शिकवणाऱ्याकडून झाली असं कुणी ऐकलेलं नाही.

तो आवारात परतला तेव्हा सगळे वाट बघत होते. "काय रे? बोल की!" गॉर्डी ओरडला.

लायलने किल्ली डोरीनबाईंच्या हातात दिली. "ठीक आहे," तो म्हणाला. "खेळणं आहे."

डोरीनबाईंचा चेहरा किंचित उतरला. बाकी काही झालं नाही.

ऑगस्टच्या अखेरीस टॅनेजर आवाज करू लागली. आधी बारीक, मग चमचे हलवल्यासारखा. दुकानातल्या मेकॅनिकने तारा जोडून गाडीची स्मृती वाचली. इंजिन कधीतरी सोसवेल त्याच्या कितीतरी पलीकडे फिरवलं गेलंय, असं त्यात नोंदलेलं होतं. आतल्या बेअरिंगा गेल्या होत्या. आमच्या हमीत हे बसत नाही, गिअर चुकीचा पडलाय, त्याने सांगितलं.

पुढच्या शनिवारी डोरीनबाई पायी आल्या. त्यांनी सगळं सांगितलं, हातातला रुमाल उलगडत, घडी करत. "मला आठवत नाही कधी ते. पण माझ्याच हातून झालं असणार. दुसरं कोण चालवतं ती?"

लायल आपल्या उघड्या बॉनेटजवळ उभा होता. त्याला वाटलं, आता बोललो तर बोललो.

"इंजिनाच्या कितव्या तासाला झालं ते पण नोंदलेलं असतं," पाओ म्हणाला. "त्यावरून दिवस कळेल. विचारलंत का तुम्ही?"

"नाही रे, सुचलंच नाही."

पाओने मान वर केली आणि उगाच इकडेतिकडे बघत त्याची नजर लायलवरून गेली. संशयाने की सहज, हे लायलला कधीच कळलं नाही. पण त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"कशाला हवाय दिवस?" तो म्हणाला. "शिकणाऱ्याच्या हातून होतं. डोरीन, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांच्या हातून होतं."

"सगळ्यांच्या नाही हं," गॉर्डी म्हणाला. "पण उजवीकडच्या चाकावर तीस वर्षं काढल्यावर डावा-उजवा गोंधळणारच की! डोरीनआजी, पुढच्या वेळी टपालाचीच गाडी घ्या, शेंदरी रंग मी फुकट मारून देतो."

हशा झाला. वाईट मनाने नव्हे, गॉर्डी मनाने वाईट नाहीच. डोरीनबाईही हसल्या. मग जाताना लायलच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "तू बाजू घेतलीस माझी. बरं वाटलं."

त्या दिवशी लायल घरी जाऊन गॅरेजमध्ये बसला. बायको, कार्ला, जेवायला बोलवायला आली तर म्हणाला, भूक नाही. स्वतःच्या तोंडून निघालेलं ते वाक्य त्याला पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. शिकणाऱ्याच्या हातून होतं. इंजिन मोडलं ती चूक होती; हे वाक्य चूक नव्हतं. ते त्याने शोधून, निवडून, वेळेवर काढलं होतं. आणि त्याबद्दल त्याचे आभार मानले गेले होते.

सोमवारी फोन करीन असं मनाशी म्हणाला, केला नाही. बुधवारी त्यांच्या दारावरून दोनदा गेला. दुसऱ्यांदा त्या अंगणात पानं गोळा करत होत्या, त्यांनी हात केला. त्यानेही हात केला आणि गाडी थांबवली नाही.

गुरुवारी त्यांचाच फोन आला.

"लायल, मला दुकानात घेऊन जाशील? टॅनेजर आहे तशीच परत घेतायत ते. मी नवी लँगडन बघते. गिअर नको, काही नको. तूच म्हणत होतास ना, सेडानच बरी."

उन्हाळाभर ज्या वादासाठी तो घसा कोरडा करत होता, तो असा जिंकला होता त्याने.

विक्रेत्याने किल्ली दिली, फेरी मारून या म्हणाला. डोरीनबाईंनी नवी राखाडी लँगडन तळ्याच्या रस्त्याने नेली. गाडी खरोखरच आवाज करत नव्हती. पडद्यावर नकाशा सरकत होता. सीट कमरेला धरून बसली होती. डोरीनबाई ताशी तीस मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर नियमाने तीसनेच चालवत होत्या आणि त्यांचा उजवा हात दोन सीटच्या मधे, जिथे काहीच नव्हतं तिथे, जाऊन पुन्हा मांडीवर येत होता. एकदा, दोनदा.

"चांगली आहे," त्या म्हणाल्या. "चांगलीच आहे. काही करावंच लागत नाही."

तळ्याकाठी गाड्या लावायच्या जागेत त्यांनी गाडी थांबवली. समोर पाणी करडं, वाऱ्याने खरखरीत झालेलं. एक म्हातारा गळ टाकून बसला होता.

"पुढच्या आठवड्यात सही करीन," त्या म्हणाल्या. "या वयात कशाला ती हौस. लोक हसतात ते बरोबरच हसतात."

"डोरीन," लायल म्हणाला. "तुमच्या हातून नाही झालं ते."

त्या वळल्या नाहीत. "आता समजूत घालू नकोस रे."

"समजूत नाही. मी केलं. जुलैत तुम्ही किल्ली दिलीत त्या दिवशी. हायवेवर चढताना. चौथ्याऐवजी दुसरा टाकला मी."

गळवाल्या म्हाताऱ्याने दोरी ओढली, काही नव्हतं, पुन्हा टाकली.

"कळलं होतं तुला?" त्यांनी विचारलं.

"त्याच क्षणी."

"म्हणजे मी रुमाल चिवडत उभी होते, तेव्हाही तुला कळत होतं."

"हो."

"आणि शिकणाऱ्याच्या हातून होतं, म्हणालास."

लायलने होकारार्थी मान हलवली. स्वतःचे हात त्याला मांडीवर ठेवलेल्या दुसऱ्या कुणाच्या वस्तूंसारखे दिसत होते.

"दुरुस्तीचं सगळं मी करतो," तो घाईने म्हणाला. "नवं इंजिन बसवून देतो. मेकॅनिकलाही मीच सांगतो."

"ते तर तू करशीलच." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला आणखी लाज वाटली. "लायल, परवा मी फादरांकडे गेले होते. पापनिवेदनाला. मी त्यांना सांगितलं, या वयात मी दिमाखासाठी गाडी घेतली. लोकांनी वळून बघावं म्हणून घेतली. माझ्या गर्वापायी एक चांगलं यंत्र माझ्या हातून मोडलं. त्यांनी मला प्रार्थना सांगितल्या, त्या मी रोज गुडघे टेकून म्हणतेय." त्या थांबल्या. "तुझं पाप मी कबूल करून आले, बाळा."

त्रेपन्न वर्षांच्या लायलने दाराकडे तोंड फिरवलं. काचेवर त्याच्या श्वासाचं धुकं बसत होतं, विरत होतं. त्याला आपलं बोलणं, आपली बावीस वर्षांची लँगडन, आपल्याला विचारल्याशिवाय गावात कुणी गाडी घेत नाही हा मान, हे सगळं उघड्यावर वाळत घातलेल्या मळक्या कपड्यांसारखं वाटलं.

"का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"मला ती गाडी आवडली होती," तो म्हणाला. हेच उत्तर आहे हे त्यालाही ते तोंडातून आल्यावर कळलं. "फार आवडली. परत येऊन तसं म्हणायची लाज वाटली. आणि एक खोटं बोलल्यावर मग..."

"खेळणं आहे, म्हणालास तू तिला."

"हो."

"ते मला इंजिनापेक्षा जास्त लागलं होतं."

वारा गाडीवर आपटत होता, पण आत ऐकू येत नव्हता. डोरीनबाईंनी पर्समधून गोळी काढून तोंडात टाकली, त्यालाही एक दिली. टपाल वाटायच्या तेव्हाही पोरांना त्या असल्याच गोळ्या द्यायच्या.

"आता ऐक," त्या म्हणाल्या. "मी तुला माफ केलं, ते माझ्याकडचं आहे, तू मागितलंस म्हणून नाही. पण माझं नाव तू माझ्यापाशी नाही घालवलंस, तिथे आवारात घालवलंस. तिथे जाऊन बोल. या शनिवारी. दोन्ही बोलायचं, कुणी केलं ते, आणि गाडी कशी वाटली ते."

"बोलतो. तुम्ही याल ना?"

"नाही."

"डोरीन, तुम्ही असलात तर मला..."

"म्हणूनच नाही येणार. मी समोर असले तर तू माझ्याकडे बघून बोलशील, मी डोळे पुसले की सगळे म्हणतील, झालं, मिटलं. गॉर्डी काहीतरी विनोद करेल. ते मला नको." त्यांनी गाडी चालू केली. "कबूल?"

"कबूल," लायल म्हणाला.

दुकानात परतल्यावर त्यांनी विक्रेत्याच्या हातात किल्ली दिली. "गाडी छान आहे हो," त्या म्हणाल्या, "पण माझी दुरुस्त होतेय."

शुक्रवारी संध्याकाळी कार्लाला सगळं सांगून झालं. ती तळलेल्या माशाचं ताट पुढे सरकवून एवढंच म्हणाली, "मला आधी सांगितलं असतंस तर." आणि थोड्या वेळाने, "गॉर्डी हिवाळाभर हेच बोलेल."

"बोलू दे."

"तुला विचारून यापुढे कुणी गाडी घेणार नाही."

"नको घेऊ देत."

असं तो म्हणाला खरा, पण घास गिळताना त्याला दिसत होते ते आवारातल्या मंडळींचे चेहरे. गॉर्डीचा उघडा राहिलेला जबडा. पाओ काही बोलणार नाही, फक्त मान खाली घालेल, आणि तेच जास्त जड जाईल. चुकून एखादा म्हणेल, जाऊ दे रे, होतं असं. तर त्याला थांबवावं लागेल. होतं असं, हे वाक्य पुन्हा ऐकून घ्यायचं नाही, एवढं त्याने ठरवलं.

शनिवारी सकाळी हवा थंड होती. गवतावर पहिलं पांढरं दव. कार्लाने थर्मास भरून ठेवला होता, तो त्याने घेतला नाही. आज कॉफी प्यायला जायचं नव्हतं. डोरीनबाईंच्या घरावरून रस्ता जातो. त्यांच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला होता, टॅनेजरची जागा रिकामी. त्याने वेग कमी केला नाही, हातही केला नाही.

सव्वासात झाले होते. गॉर्डी नेहमी सगळ्यांच्या आधी येतो. लायल कोपऱ्यावर थांबला, दोन्हीकडे नीट बघितलं, वळायचा दिवा लावला आणि हार्डवेअरच्या दुकानाच्या दिशेने वळला.